एकुलत्या एकाचा पुतण्या

खांदेश्वर,
२० जून

निखिल शहाजी मढवी यास,

तुला दोन वेळा फोन लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा मी कोणाला फोन करत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीला, प्राचीला, नीटमध्ये असे मार्क पडले आहेत की ओबीसीतून सरकारी मेडिकल कॉलेज मिळेल. मढवींच्या घराण्यात अजून कोणी डॉक्टर झालेला नाही. काही मिठागरात गेले, काही भातात गेले, काही वाया गेले. वाया गेलेल्यांत तू शेवटचा.

ॲडमिशनला नुसता जातीचा दाखला चालत नाही, त्याची वैधता लागते. घराण्यात वैधता फक्त तुझ्याकडे आहे असं कळलं. तू डिप्लोमाला गेलास तेव्हा तुझ्या बापाने काढली होती. डिप्लोमा तू अर्धवट सोडलास, कागद तेवढा राहिला. बापाकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाची वैधता जोडली की काम लवकर होतं, असं आमचा एजंट म्हणतो. तुझ्याकडे पडून आहे, कोणाच्या तरी उपयोगी येऊ दे.

रविवारी प्रत घेऊन ये. गेटवर नाव सांग, वॉचमनला मी सांगून ठेवीन. वर यायची गरज नाही.

वामन गोमा मढवी

*

तळवली,
२४ जून

श्री. वामन गोमा मढवी यांस,

पत्र मिळालं. फोन लागला नाही कारण तुमचा नंबर मी ब्लॉक केला आहे. तुमचं बोलणं दुसऱ्या दिवशी बदलतं. लिहिलेलं बदलत नाही. म्हणून यापुढेही जे असेल ते लिहूनच पाठवा. माझ्या उत्तरांची झेरॉक्स मी ठेवतो.

एक शंका आहे. वैधता रक्ताच्या नात्यातल्या माणसाची जोडायची असते. तर तुमचं माझं नातं काय? मी तुमच्या सख्ख्या धाकट्या भावाचा मुलगा आहे हे मला माहीत आहे, पण तुमच्या तोंडून ते मी कधी ऐकलेलं नाही. बाबांनी घाटावरच्या मुलीशी लग्न केलं, त्या दिवसापासून तुम्ही गावभर सांगत आलात की गोमा मढवीला मुलगा एकच. आजोबा गेले तेव्हा नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लावलात. त्यावर तुम्ही होतात, तुमचे साडू होते, वॉर्डातले इच्छुक उमेदवार हात जोडून उभे होते. बाबा नव्हते. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोने दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटच्या कागदांतही ते नव्हते. बाबा वारले तेव्हा तुम्ही तळवलीला आला नाहीत. त्याच आठवड्यात शेजारी घणसोलीला एका हार्डवेअरच्या दुकानाची फीत कापायला मात्र आलात. आईने तुमची गाडी ओळखली.

डिप्लोमा मी का सोडला हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. सध्या एका सोसायटीच्या ऑफिसात काम करतो. कोणाला गेटवरूनच परत पाठवायचं असतं, हे वॉचमनला मीच समजावून सांगतो. त्यामुळे तुमचं आमंत्रण मला बरोबर समजलं.

रविवारी येणार नाही. पुढच्या पत्राच्या मायन्यात नातं लिहा, मग विचार करतो.

निखिल शहाजी मढवी

*

खांदेश्वर,
२८ जून

निखिल,

मायन्यात मी ‘दादा’ लिहिणार होते. तुम्हाला चालेल की नाही कळेना, म्हणून सोडलं.

मी प्राची. बाबांची पत्रं मीच लिहिते. ते सोफ्यावर बसून सांगतात, मी उतरवून घेते. तुमचं पत्रही मीच त्यांना वाचून दाखवलं. बॅनरचं वाचलं. गाडीचं गाळलं, कारण त्यावरून ते तीन दिवस जेवताना ओरडले असते आणि मला या तीन दिवसांत कॉलेजांचा पसंतीक्रम ठरवायचा आहे.

तुम्हालाही त्यांचं सगळं पोचत नाही. पहिल्या पत्रात ते तुमच्या आईला जे म्हणाले ते मी लिहिलं नाही. ‘वाया गेलेल्यांत तू शेवटचा’ हे ठेवलं, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. आमच्याकडे तुमचं नाव फक्त धाक घालायला निघतं. माझा भाऊ ऋषी नववीत आहे. गणितात कमी पडले की त्या दिवसापुरता तो निखिल होतो.

मायन्यात नातं लिहायला बाबा तयार नाहीत. मी विचारलं, चिरंजीव लिहू का. तर म्हणाले, “कोनाचा चिरंजीव? शाला सोडलेला पोऱ्या, मना कागद शिकवतं. सोताला समजतं कोन?”

मी तुमच्या भांडणात नाही. बॅनर लागला तेव्हा मी दहा वर्षांची होते. मला एवढंच कळतं की वैधता वेळेत आली नाही तर माझं नाव ओबीसीतून काढून खुल्यात टाकतील, आणि खुल्यात माझ्या मार्कांना सरकारी कॉलेज नाही. बाबा म्हणतात, खासगीत घालू. घालतील, आणि मग मी म्हातारी होईपर्यंत ऐकवतील. मी दोनदा नीटला बसले ती हे ऐकायला नाही.

तुम्हाला बाबांवर सूड घ्यायचा असेल तर जरूर घ्या, फक्त दुसऱ्या कशात तरी घ्या. उत्तर द्यायचं तर पाकिटावर माझं नाव घाला. माझं टपाल ते उघडत नाहीत, क्लासचं असेल असं त्यांना वाटतं.

प्राची

*

तळवली,
२ जुलै

प्राची,

तुझं पत्र चांगलं आहे. इतकं चांगलं की ते तुझंच आहे का, अशी शंका आली. अक्षर तेच, शाई तीच. ‘मी भांडणात नाही’ हे तर तुझ्या वडिलांचं वाक्य वाटतं. ज्या भांडणात ते जिंकलेले असतात त्या भांडणात ते कधीच नसतात. तेव्हा हे पत्रही सोफ्यावरून सांगितलेलं असेल तर दोघांचंही अभिनंदन.

तरी माझ्या वैधतेची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे, आणि ती वापरायला माझी हरकत नाही असं सही करून दिलं आहे. पाकीट चिकटवण्याआधी दोनदा तपासलं, तूही तपास. ही प्रत तुझ्या वडिलांना दिलेली नाही, तुझ्या अर्जाला दिली आहे. यातला फरक कळत नसेल तर डॉक्टर होऊ नकोस.

खरं तर मी देणार नव्हतो. आई म्हणाली, दे. मी विचारलं, का द्यायची. तर म्हणाली, “अभ्यास पोरीनं केलाय नव्हं? वामनदादानं थोडाच केलाय.” तुमच्याकडे तिला काय म्हणतात ते तिला माहीत आहे. ती अजून त्यांना वामनदादा म्हणते. हा तिचा दोष आहे, मी अनेकदा दाखवून दिला आहे.

दादा म्हणायचं की नाही, ते सध्या राहू दे.

निखिल

*

खांदेश्वर,
१८ जुलै

निखिल मढवी यास,

तुझा कागद जोडला आणि सरळ चाललेलं काम वाकडं झालं. जातपडताळणी समितीने आम्हाला बोलावून घेतलं. अर्जासोबत वंशावळ द्यावी लागते. आम्ही आधीच शपथेवर दिली होती, त्यात गोमा मढवीला मुलगा एकच, वामन. एजंटने माझ्या जुन्या कागदांवरून केली, त्या सगळ्यांत तसंच आहे. आता तिथली बाई म्हणते, एकुलता एक असलेल्या माणसाला पुतण्या कुठून आला? रांगेतल्या लोकांसमोर म्हणाली. लोक हसले. हसणाऱ्यांत आमचा एजंटही होता.

४ ऑगस्टला सुनावणी ठेवली आहे. त्या दिवशी निकाल लागला नाही तर प्राचीची सीट गेली. म्हणून तुला दोन मार्ग देतो.

एक. तुझा आजोबा गोमा नव्हे, गोमाचा चुलत भाऊ, असं लिहून दे. म्हणजे तू आमचा लांबचा झालास. लांबचाही चालतो असं एजंट म्हणतो. गोमाला चुलत भाऊ होता की नव्हता, हे आता कोण बघायला येतं?

दोन. शहाजीचं नाव घालायचंच असेल तर आधी तू आणि तुझ्या आईने लिहून द्या की प्लॉटवर तुमचा हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही.

यातलं काहीही केलंस तर माझ्या बिल्डिंगला सुपरवायझर पाहिजे आहे. खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे. शिक्षण विचारणार नाही.

वामन गोमा मढवी

*

तळवली,
२१ जुलै

श्री. वामन गोमा मढवी यांस,

आधी तुम्ही माझे वडील काढून टाकलेत. आता आजोबाही काढून घेताय आणि त्यांच्या जागी कधी जन्मालाच न आलेला माणूस देताय. बदल्यात पंखा देताय.

मार्ग एक. माझ्या वैधतेच्या फाइलमध्ये आजोबांचं नाव गोमा आहे, आणि ती फाइल त्याच समितीच्या कपाटात आहे. ज्यांनी कागद दिला त्यांनाच जाऊन तो चुकीचा आहे असं सांगायचं, ही युक्ती काढणाऱ्या एजंटला तुम्ही अजून सोबत घेऊन फिरता, यावरून तुम्हाला कसली माणसं परवडतात ते कळलं.

मार्ग दोन. हक्क नाही असं आम्ही लिहून देणार नाही. बाबांनी तुमच्याकडे काही मागितलं नाही. मीही अजून मागितलेलं नाही. मागायचं झालं तर पत्राने कळवीन. तोवर तुम्हाला जी धास्ती वाटते ती तुम्ही स्वतः कमावलेली आहे, त्यात आमचा वाटा नाही.

सुपरवायझरची जागा नको. तुमच्या बिल्डिंगसमोरून मी एकदा गेलो आहे. ड्रेनेजचं झाकण उघडं होतं, वर एक कुंडी ठेवली होती. आधी झाकण बसवा.

४ तारखेची नोटीस मलाही आली आहे. मी येईन आणि विचारतील त्याचं खरं उत्तर देईन, त्याहून एक शब्द जास्त नाही. प्राचीची सीट गेली तर ती मी घालवलेली नसेल.

निखिल शहाजी मढवी

*

खांदेश्वर,
२५ जुलै

निखिल,

तुमचं हे पत्र मी बाबांना अख्खं वाचून दाखवलं. झाकणासकट. त्यांनी टीव्ही लावला आणि आवाज बंद ठेवून बघत बसले.

‘प्राचीची सीट गेली तर ती मी घालवलेली नसेल.’ हे वाक्य तुम्ही फार नीट लिहिलं आहे. बाबाही परवा आईला अगदी हेच म्हणाले. माझी सीट जाताना तुम्हा दोघांनाही हात स्वच्छ हवे आहेत. डॉक्टर व्हायला मी निघाले आहे हे बरं आहे. तुम्ही दोघं ऑपरेशनच्या आधी हात धुऊन घरी गेला असतात.

तुम्हाला अजून मी सोफ्यावरून बोलते असं वाटत असेल तर पुढचं वाचा. वंशावळीचं शपथपत्र वडिलांनीच द्यावं असं काही नाही. मी एकोणीस वर्षांची आहे, मी देऊ शकते. समितीतल्या त्याच बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, द्या, पण आधीच्या कागदावर वडिलांची सही आहे, त्यामुळे सुनावणीत त्यांना विचारलं जाईल. म्हणजे बाबा तिथे ‘भाऊ नव्हता’ म्हणाले की मी शपथेवर खोटी ठरले. सीट तर जाईलच, वर गुन्हा. तरी मी देणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की मला काकांच्या नावापलीकडे काहीच माहीत नाही. जन्म कधीचा, गेले कधी, तुम्हाला भावंडं किती. आणि काकूंचं नाव काय? आमच्याकडे त्यांना नावाने बोलत नाहीत.

प्राची

*

तळवली,
२८ जुलै

प्राची,

हात धुण्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आईला वाचून दाखवलं नाही, तिला ते फार आवडलं असतं. तुझं पहिलं पत्र तुझंच होतं हे आता मान्य करतो.

शहाजी गोमा मढवी. जन्म १९७४. मृत्यू मे २०२१. मी डिप्लोमा त्याच महिन्यात सोडला. मला एक लहान बहीण आहे, ईश्वरी, बारावीला. आईचं नाव प्रेमला. वंशावळीत सुनांची नावं लिहीत नाहीत, पण तू विचारलंस म्हणून दिलं.

तू न विचारलेली एक गोष्ट. बाबा तळवलीत जन्मले, पण त्यांना खाडीच्या चिखलाची भीती वाटायची. लहानपणी तुझे वडील त्यांना खांद्यावर घेऊन खेकडे धरायला जायचे, असं ते सांगत. मी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही. तू तुझ्या वडिलांना विचारू नकोस, नाही म्हणतील.

नोटरीकडे जाण्याआधी शपथपत्र मोठ्याने वाच. आकडे अक्षरातही लिही. आधार कार्डाची मूळ प्रत ने, झेरॉक्सवर ते अडवतात. मला या सगळ्याची काळजी वाटते, तुला वाटते की नाही माहीत नाही.

निखिल

*

खांदेश्वर,
६ ऑगस्ट

निखिलदादा,

आता ठरवून लिहिते आहे. चालत नसेल तर खोडा.

तुमचा जबाब आधी झाला आणि तुम्हाला बाहेर बसवलं, त्यामुळे आत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. नंतर बाबा कोणाकडे न बघता तडक लिफ्टकडे गेले. गाडीची किल्ली माझ्याकडे होती म्हणून मला मागे धावावं लागलं.

अधिकाऱ्यांनी दोन्ही वंशावळी शेजारी शेजारी ठेवल्या, बाबांची आणि माझी. म्हणाले, “मुलगी म्हणते तुम्हाला भाऊ होता. तुम्ही म्हणता नव्हता. दोघांनी शपथ घेतली आहे. खोटी कोणाची समजू?”

बाबा म्हणाले, “एजंटाचा घोल हाय, सायेब.”

“एजंटाला भाऊ होता का, हे मी विचारत नाही.”

बाबांनी माझा कागद ओढून घेतला. तोवर त्यांनी तो पाहिला नव्हता. शहाजीच्या पुढे मी ‘पत्नी प्रेमला’ असं लिहिलं होतं. त्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं की सुनांची नावं लागत नाहीत. मी म्हटलं, असू दे. बाबांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. म्हणाले, “ह्या काढा. मंग सांगतंय.” माझी सीट टेबलावर, आणि बाबा भाव करत होते. शहाजी ठेवा, बायको काढा.

मी म्हटलं, काढणार नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तुना डाक्टर व्हायचाय का नाय?” मी म्हटलं, व्हायचंय. नाही झाले तर गावात विचारतील, का नाही झाली, तेव्हा तुम्ही सांगा, भावजयीच्या नावावरून घालवली. तुम्हाला सांगता येत नसेल तर मी सांगेन, नाक्यावर उभी राहून.

अधिकारी म्हणाले, “मढवी, बाहेर अजून माणसं बसली आहेत.”

मग बाबा म्हणाले, “होता भाऊ. धाकला.”

“सख्खा?”

“सख्खाच.”

“मग लिहिला का नाहीत?”

बाबांनी माझा कागद टेबलावर परत ठेवला. मला वाटलं आता तरी काहीतरी माणसासारखं बोलतील. म्हणाले, “लिवायचा राहिला.”

टायपिस्टने तसंच टाइप केलं. भाऊ लिहायचा राहिला. खाली बाबांनी सही केली.

मला वाटलं होतं आनंद होईल. किळस आली. किराणा सामानात जिरं आणायचं राहावं तसा भाऊ राहिला. आणि मी त्याच घरात परत आले, त्यांनीच काढून दिलेल्या सफरचंदाच्या फोडी खाल्ल्या. निकाल तिथेच लागला, वैधतेचा कागद या आठवड्यात मिळेल म्हणाले. म्हणजे सीट बहुतेक वाचली. काकूंना सांगा.

प्राची

*

तळवली,
९ ऑगस्ट

प्राची,

खोडलेलं नाही.

आईला वाचून दाखवलं. ‘पत्नी प्रेमला’ ऐकल्यावर तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, “पोरीनं उगं जीव धोक्यात घातला. माझं नाव मला पाठ हाय की.” नंतर दिवसभर चिडलेली होती, कोणावर ते सांगत नव्हती. तुझ्यावर नव्हती.

बाहेरच्या बाकावर मी बसलो होतो तेव्हा तुझे वडील माझ्या समोरून गेले. मी उभा राहिलो होतो. का उभा राहिलो ते मला कळत नाही. त्यांनी पाहिलं नाही, म्हणजे मला सोयीचं झालं.

मला त्या दिवशी ‘हे माझे कोणी नाहीत’ एवढं एक वाक्य म्हणून तुझी सीट घालवता आली असती. जबाब देताना तसं माझ्या मनात येऊन गेलं. हे तुला माहीत असावं, म्हणजे तू मला फार चांगला समजणार नाहीस.

निखिल

*

खांदेश्वर,
१२ सप्टेंबर

निखिल,

हा मी सोता लिवतंय. प्राचीला परवा धुल्याला सोरून आलो. सरकारी कालेज हाय, हास्टेल भेटला. गावान पेढे वाटले. तुमच्याकडं पाठवले नाय, उगाच गैरसमज नको.

आता प्राचीची वैधता आमच्या घरान हाय. ऋषीच्या टायमाला तीच लावू. तुज्या कागदाची गरज संपली. तुजी झेराक्स परत पाठवतंय, आमाला घरान ठेवायची नाय. उपकार केला असा गावान बोलत फिरू नको. पलाटाचा इचार मनान आनू नको.

यापुढं पत्र नको.

वामन गोमा मढवी

*

तळवली,
१६ सप्टेंबर

श्री. वामन गोमा मढवी यांस,

झेरॉक्स मिळाली. पत्र नको म्हणालात, तरी हे एक पाठवतो, कारण त्यात तुमच्या मुलाचं काम आहे.

ऋषीला माझी वैधता लागणार नाही, हे बरोबर आहे. वंशावळ मात्र लागेल. ती प्रत्येक अर्जाला नव्याने द्यावी लागते, शपथेवर, आणि समितीकडे असलेल्या जुन्या वंशावळीशी ती जुळावी लागते. जुनी म्हणजे आता प्राचीची. तेव्हा ऋषीच्या वेळी तुम्ही लिहाल, गोमाचे मुलगे दोन. वामन आणि शहाजी. शहाजी मयत, पत्नी प्रेमला. पुढे ऋषीच्या मुलांसाठी ऋषी लिहील. गाळलंत तर पुन्हा बोलावून विचारतील, आणि लिहायचा राहिला हे उत्तर तुम्ही एकदा वापरलेलं आहे.

ईश्वरी पुढच्या वर्षी नीट देणार आहे. तिची वंशावळ मी करणार. माझ्या वेळची बाबांनी केली होती, ती समोर ठेवली आहे. तुम्ही त्यांना बॅनरवरून गाळलंत त्यानंतरची आहे ती. गोमाच्या खाली पहिलं नाव वामन आहे, थोरले म्हणून. त्याच्या खाली प्राची आणि ऋषी. बाबांनी तुमच्यातलं कोणीही सोडलेलं नाही.

मीही सोडणार नाही.

निखिल शहाजी मढवी